लिंकनची चोवीस वर्षांची वकिली

प्रश्न एका तरुण वकिलाचा आहे. "मी तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं वकिली करतोय आणि पुढं राजकारणात जायची इच्छा आहे. अब्राहम लिंकनबद्दल जे वाचायला मिळतं त्यात सगळं आयुष्य अपयशाचं आणि शेवटी एकदम राष्ट्राध्यक्षपद, असंच दिसतं. वकील म्हणून तो खरंच कसा होता? गावातल्या वकिलीचा त्याला राजकारणात काय उपयोग झाला? आणि मी वकिली सोडून पूर्णवेळ राजकारणात उतरावं का?"

मी एकतीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात दिवाणी कामं चालवतो आहे. लिंकनच्या वकिलीबद्दल मिळेल ते वाचायची सवय मला ज्युनिअर असल्यापासून आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ती अपयशांची यादी बाजूला ठेवू. १८३२ मध्ये निवडणूक हरला, मग धंदा बुडाला, १८५५ मध्ये सेनेट हुकली, १८५८ मध्ये पुन्हा हुकली, १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, अशी ती यादी मोबाईलवर फिरत असते. या पराभवांपैकी बरेच खरे आहेत. पण १८३४, १८३६, १८३८ आणि १८४० अशा लागोपाठ चार निवडणुका जिंकून तो इलिनॉय राज्याच्या विधानसभेत गेला, हे यादीत येत नाही. १८४६ मध्ये तो अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आला, तेही येत नाही. १८३२ च्या पराभवातही त्याच्या स्वतःच्या न्यू सेलम गावात ३०० पैकी २७७ मतं त्यालाच पडली होती. गावानं त्याला तेव्हाच ओळखलं होतं, बाकीचा मतदारसंघ अजून ओळखत नव्हता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १८३७ ते १८६१ ही चोवीस वर्षं त्यानं भरपूर कामाची वकिली केली. त्याच्या खटल्यांचे कागद अभ्यासकांनी कोर्टाकोर्टांतून गोळा केले, तेव्हा पाच हजारांहून जास्त प्रकरणं निघाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यानं तीनशेच्या वर कामं चालवली. याला अपयशी माणूस म्हणायला मी तयार नाही.

आपल्याकडे शाळांत फ्रेम करून लावलेलं, लिंकननं मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून सांगितलं जाणारं पत्रही असंच. अमेरिकेत त्याचा कागद न कागद जपून छापला गेला आहे, त्यात हे पत्र नाही. पत्र सुंदर आहे, पण ते त्याचं नाही. पुरावा कायद्याचं काम करणाऱ्यानं निदान एवढं तरी तपासून बोलावं.

आता माणूस. जन्म १२ फेब्रुवारी १८०९, केंटकी राज्यातल्या लाकडी ओंडक्यांच्या खोपटात. नऊ वर्षांचा असताना आई गेली. सगळं मिळून शाळा झाली ती जेमतेम वर्षभराची. पुढं इलिनॉयमधल्या न्यू सेलममध्ये भागीदारीत दुकान काढलं, ते बुडालं आणि डोक्यावर कर्ज राहिलं. ते त्यानं पुढं अनेक वर्षं फेडलं. पोस्टमास्तर झाला, जमीनमोजणीचं काम केलं. मोजणीदार म्हणून शेताशेतांतून साखळी ओढत फिरलेला वकील जमिनीच्या दाव्यात किती भारी पडत असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. जॉन स्टुअर्ट नावाच्या वकिलानं त्याला कायद्याची पुस्तकं वाचायला दिली. कॉलेज नाही, वर्ग नाही. ब्लॅकस्टनची इंग्लिश कायद्यावरची भाष्यं वाचून काढली आणि सप्टेंबर १८३६ मध्ये सनद मिळवली. एप्रिल १८३७ मध्ये उसन्या घोड्यावर बसून तो स्प्रिंगफील्डला आला. गाव सुमारे दीड हजार वस्तीचं. बरोबर खोगिराला लटकवलेल्या दोन पिशव्या. पलंग-गादी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जोशुआ स्पीड या दुकानदारानं दुकानाच्या माडीवरच्या आपल्याच बिछान्यात त्याला जागा दिली.

आधी स्टुअर्टबरोबर, मग स्टीफन लोगनबरोबर आणि १८४४ पासून शेवटपर्यंत विल्यम हर्नडनबरोबर अशा त्याच्या तीन भागीदाऱ्या झाल्या. त्यातला लोगन हा त्याचा खरा गुरू. दावा नीट कसा लिहायचा, समोरच्याची बाजू आधी कशी अभ्यासायची, ही शिस्त त्याला तिथं लागली. हर्नडन नऊ वर्षांनी लहान, अगदी नवखा, तरी पहिल्या दिवसापासून फीची वाटणी निम्मी-निम्मी. आपल्याकडच्या किती सिनियरांना हे जमेल? ऑफिस मात्र भयंकर. महत्त्वाचे कागद तो आपल्या उंच टोपीत ठेवायचा. टेबलावर दोऱ्यानं बांधलेला एक गठ्ठा होता आणि त्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं की, दुसरीकडं कुठंच सापडलं नाही तर यात बघा.

फिरतीच्या कोर्टाबद्दल थोडं तपशिलात लिहितो, कारण राजकारणाची मुळं तिथंच आहेत. इलिनॉयच्या आठव्या न्यायमंडळात एके काळी चौदा कौंटी होत्या. कौंटी म्हणजे आपल्या मोठ्या तालुक्यासारखी समजा. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, न्यायाधीश घोड्यावरून किंवा बग्गीतून निघायचे आणि गावोगाव कोर्ट भरवत जायचे. वकील त्यांच्या मागोमाग. कुठं दोन दिवस, कुठं आठवडा. बरेचसे वकील अधूनमधून घरी परतायचे. लिंकन बहुतेक वेळा पूर्ण फेरी करायचा. चिखल, पूर आलेले ओढे, खानावळीतलं जेवण आणि रात्री एका खाटेवर दोन वकील. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांचं वजन तीनशे पौंडांच्या वर, त्यामुळे खाट त्यांना एकट्याला मिळायची. गावात पोचलं की स्थानिक वकील आणि पक्षकार घेराव घालायचे. झाडाखाली उभ्या उभ्या हकिकत ऐकायची, तिथंच टिपण काढायचं आणि दुसऱ्या दिवशी ज्युरीपुढं उभं राहायचं. फी पाच-दहा-वीस डॉलर. कामं कसली? उधारी, वचनचिठ्ठ्या, जमिनीचे वाद, बदनामी, मृत्युपत्रं. सगळ्यात जास्त उधारी वसुलीचीच. म्हणजे तुमच्या-माझ्या बोर्डावर असतं तेच.

ज्युरीवर बसायचे ते शेतकरी, लोहार, दुकानदार. खटला कोणताही असो, बारा साध्या माणसांना पटेल असं बोलावं लागे. संध्याकाळी हीच माणसं खानावळीच्या ओसरीवर गप्पा ऐकायला यायची. वर्षातून दोनदा, वर्षानुवर्षं, चौदा ठिकाणी. त्यातला निम्मा पक्षकारवर्ग कधी त्याच्या बाजूनं, कधी त्याच्या विरुद्ध उभा राहिलेला. तरी तो माणूस सरळ आहे, हे दोन्हीकडचे सांगत. मतदारसंघ बांधणं म्हणतात ते हेच. जाहिरात करून ते साधत नाही.

त्याच्याबरोबर फिरणारा वकील लिओनार्ड स्वेट यानं एक निरीक्षण नोंदवलं आहे. वकिलीत मला ते फार उपयोगी पडलं. लिंकन समोरच्याला एकामागून एक मुद्दे देऊन टाकायचा. हे कबूल, तेही कबूल. ज्युरीला वाटायचं, हा माणूस किती प्रामाणिक आहे. समोरच्या वकिलाला वाटायचं, आपण जिंकलो. सहा मुद्दे सोडून सातवा मात्र तो सोडत नसे, आणि खटला त्या सातव्यावरच उभा असे. सोडलेले सहा तसेही टिकणार नव्हते. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एका बांधाच्या दाव्यात मी सगळेच मुद्दे लढवले होते. साक्षीदाराला गरजेपेक्षा एक प्रश्न जास्त विचारला आणि त्या एका उत्तरानं दावा घालवला. त्यानंतर स्वेटचं ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

बीअर्ड्सटाउनचा खटला तुम्ही ऐकला असेल, पण त्यातली मांडणी नीट बघा. तारीख ७ मे १८५८. आरोपी डफ आर्मस्ट्राँग, आरोप खुनाचा. घटना आदल्या ऑगस्टच्या २९ तारखेची, रात्री अकराच्या सुमारास. मुख्य साक्षीदार चार्ल्स ॲलन. लिंकननं उलटतपासात त्याला अडवलं नाही, उलट वाट मोकळी करून दिली. किती अंतरावरून पाहिलंत? सुमारे दीडशे फुटांवरून. अंधारात दिसलं कसं? लख्ख चांदणं होतं, चंद्र वर होता. तो हे पुन्हा पुन्हा वदवून घेत राहिला, साक्षीदाराला परतायला जागा उरेना तोवर. मग त्यानं त्या वर्षाचं पंचांग मागवलं आणि ज्युरीपुढं ठेवलं. त्या वेळी चंद्र मावळतीला खाली उतरलेला होता आणि मध्यरात्र होताच मावळणार होता. शुद्ध पक्षातल्या अष्टमी-नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, हे आपल्याकडं राखणीला जाणारा शेतकरीही सांगेल. पण तो प्रश्न कोर्टात वेळेवर सुचावा लागतो. आरोपी सुटला. लिंकननं फी घेतली नाही. डफची आई हॅना ही न्यू सेलमच्या दिवसांत त्याला जेवू घालणारी, त्याचे कपडे शिवून देणारी बाई होती.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही फ्रेम करून लावण्याचंच काम करीन. ऑक्टोबर १८४७ मध्ये कोल्स कौंटीतल्या चार्ल्सटन गावी रॉबर्ट मॅटसन या केंटकीच्या जमीनदाराचं काम होतं. तो आपले गुलाम इलिनॉयमधल्या शेतावर आणून राबवत असे. त्यातली जेन ब्रायंट मुलांना घेऊन पळाली आणि स्वातंत्र्याचा हक्क सांगू लागली. लिंकन उभा राहिला मालकाकडून. हरला, आणि जेन व तिची मुलं मुक्त झाली. सहा वर्षं आधी, १८४१ मध्ये, याच लिंकननं बेली विरुद्ध क्रॉमवेल या कामात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून असा निकाल मिळवला होता की, इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्र आहे असंच कायदा गृहीत धरतो, म्हणून नॅन्स या मुलीच्या विक्रीपोटी दिलेली वचनचिठ्ठी रद्दबातल. आलेलं काम घ्यायचं, हा वकिलाचा धर्म म्हणून मॅटसनचं काम झाकता येईल. मला ते झाकावंसं वाटत नाही. जेन त्याच्या युक्तिवादानंतरही सुटली, हे बरं झालं. आणि अकरा वर्षांनी त्याच चार्ल्सटन गावात भाषण करताना, गोऱ्या आणि काळ्यांची सामाजिक व राजकीय समानता आपल्याला नको आहे, असंही तो बोलून गेला. मतं मिळवायला उभा राहिलेला वकील होता तो तेव्हा. पुढच्या काही वर्षांत तो तिथून कितीतरी पुढं सरकला, हेही तितकंच खरं.

पैशाच्या बाबतीत तो भोळा होता, हा समजही चुकीचा. मॅक्लीन कौंटीनं इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर कर बसवला, तेव्हा त्यानं रेल्वेची बाजू लढवून ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकून दिली. बिल लावलं पाच हजार डॉलर. कंपनी देईना, तेव्हा १८५७ मध्ये स्वतःच्या पक्षकारावर फीचा दावा लावला आणि तोही जिंकला. निम्मी रक्कम हर्नडनला दिली. गरिबाकडून पाच डॉलर घेणं आणि रेल्वेकडून पाच हजार घेणं यात त्याला विसंगती वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही.

सिनसिनाटीचा प्रसंग १८५५ चा. मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्राच्या पेटंटचं मोठं काम. सुनावणी इलिनॉयमध्ये होईल म्हणून स्थानिक वकील हवा, यासाठी लिंकनला घेतलं होतं. कोर्ट सिनसिनाटीला हललं आणि पूर्वेकडच्या बड्या वकिलांना तो नकोसा झाला. एडविन स्टँटन या नामवंत वकिलानं त्याला उघड हिणवलं. त्याचं टिपण कुणी उघडलंही नाही. आपल्यापैकी प्रत्येकानं हा अनुभव घेतला आहे. मुंबईहून कौन्सेल आले की तालुक्याच्या वकिलाची खुर्ची मागे सरकते. लिंकन निघून गेला नाही. कोर्टात मागे बसून त्यानं सगळे युक्तिवाद ऐकले, कारण ते युक्तिवाद चांगले होते. जानेवारी १८६२ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, युद्धमंत्री नेमायची वेळ आली तेव्हा त्यानं त्याच स्टँटनला बोलावलं. ही गोष्ट मी प्रत्येक ज्युनिअरला सांगतो.

राजकारणात वकिली थेट कुठं उतरली? पहिला प्रयत्न फसला. डिसेंबर १८४७ मध्ये काँग्रेसमध्ये गेल्या गेल्या त्यानं मेक्सिको युद्धावर ठराव मांडले. राष्ट्राध्यक्ष पोक म्हणतात की अमेरिकन रक्त अमेरिकन भूमीवर सांडलं, तर ती नेमकी जागा दाखवा. दाव्यात चतुःसीमा मागावी तशी ही मागणी. कायद्याच्या दृष्टीनं चोख, पण युद्धाच्या जोशात असलेल्या लोकांना ती रुचली नाही. एका मुदतीनंतर तो घरी परतला. पक्षातल्या समजुतीनुसार पुढची पाळी दुसऱ्याची होती, त्यामुळे १८४८ मध्ये तो उभाच नव्हता. यादीवाले तो पराभव म्हणून मोजतात.

मग पाच वर्षं नुसती वकिली. फिरतीवर असतानाच भूमितीचे, युक्लिडचे पहिले सहा ग्रंथ त्यानं पाठ केले, सिद्ध करणं म्हणजे काय हे समजून घ्यायला. १८५४ मध्ये सेनेटर स्टीफन डग्लसनं कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला. अजून राज्य न झालेल्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीची दारं उघडली आणि लिंकन पुन्हा राजकारणात उतरला. १८५८ मध्ये सेनेटसाठी दोघांचे सात जाहीर वाद झाले. एकानं तासभर बोलायचं, दुसऱ्यानं दीड तास, मग पहिल्यानं अर्धा तास उत्तर द्यायचं. दुसरा वाद २७ ऑगस्टला फ्रीपोर्टला झाला. तिथं लिंकननं जो प्रश्न टाकला तो मला उलटतपासाचा नमुना वाटतो. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ड्रेड स्कॉट निकालानं नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करता येत नाही असं ठरवलं होतं. डग्लस म्हणायचा, प्रदेशातल्या लोकांनीच ठरवावं. प्रश्न असा की, राज्य होण्याआधी प्रदेशातल्या लोकांना गुलामगिरी कायदेशीरपणे बाहेर ठेवता येते का? नाही म्हणावं तर इलिनॉयचे मतदार जातात. हो म्हणावं तर दक्षिणेतले पुढारी बिथरतात. डग्लस हो म्हणाला, स्थानिक कायदे केले नाहीत की गुलामगिरी टिकत नाही, असं उत्तर दिलं. तेव्हा सेनेटर विधानसभा निवडायची. तिथं डग्लस ५४ विरुद्ध ४६ मतांनी निवडून आला. पण १८६० मध्ये दक्षिणेनं डग्लसला स्वीकारलं नाही. त्याचा पक्ष फुटला आणि चौरंगी लढतीत लिंकन सुमारे चाळीस टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाला.

त्याआधी, २७ फेब्रुवारी १८६० ला, न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या संस्थेतलं भाषण. त्यासाठी त्यानं स्प्रिंगफील्डच्या ग्रंथालयात जुनी दप्तरं चाळली. राज्यघटनेवर सही करणाऱ्या ३९ जणांपैकी कुणी प्रदेशांतल्या गुलामगिरीवर केव्हा काय मत दिलं, हे एकेक करून शोधलं आणि २१ जणांनी, म्हणजे बहुमतानं, केंद्राला ती रोखण्याचा अधिकार मानला होता, हे कागदावर दाखवलं. भाषणाचा पहिला भाग वाचा. तो सरळ सरळ लेखी युक्तिवाद आहे. न्यूयॉर्कच्या शहाण्यासुरत्या श्रोत्यांनी तो उचलून धरला.

१ जानेवारी १८६३ चा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामाही वकिलाच्या हातचा आहे. लोक म्हणतात भाषा रुक्ष आहे. असणारच. घटनेनं शांततेच्या काळात तो अधिकार त्याला दिला नव्हता, म्हणून सरसेनापती या नात्यानं, युद्धाची गरज म्हणून, आणि फक्त दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशांपुरता तो हुकूम काढला. लुइझियानाचे कुठले भाग वगळले त्यांची नावं दिली आहेत. कोर्टात आव्हान मिळालं तर टिकावा असा तो मसुदा आहे. तरी तो युद्धापुरताच राहील हे ओळखून त्यानं गुलामगिरी कायमची बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीसाठी जिवाचं रान केलं. ती ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधिगृहात संमत झाली. १४ एप्रिलला त्याला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. डिसेंबरमध्ये ती दुरुस्ती कायम झाली. आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली, ती अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण करून.

तुमचा शेवटचा प्रश्न. लिंकननं उमेदवारी मिळेपर्यंत वकिली सोडली नाही. आमदार असताना नाही, दोनदा सेनेट हुकली तेव्हाही नाही. पोट वकिलीवर होतं, म्हणून पक्षाच्या कुणापुढं हात पसरावा लागला नाही आणि पराभवानंतर सोमवारी सकाळी जायला जागा होती. तेव्हा सनद जपा, तारखा चुकवू नका. दर आठवड्याला दोन गावांत आपणहून जा आणि माणसांची भांडणं शक्य तिथं तडजोडीनं मिटवा. वकिलांसाठी काढून ठेवलेल्या त्याच्या टिपणात हेच आहे: खटल्याची हाव धरू नका, शेजाऱ्यांना तडजोड करायला लावा, कामाला तोटा पडणार नाही. पाच-सात वर्षांनी लोकच तुम्हाला उभं राहायला सांगतील. नाही सांगितलं तर तेही उत्तर समजा. फेब्रुवारी १८६१ मध्ये स्प्रिंगफील्ड सोडताना त्यानं हर्नडनला सांगितलं होतं की, दोघांच्या नावाची पाटी तशीच राहू दे, परत आलो की काम पुढं सुरू करू.

आणि न्यायाधीश डेव्हिस. पक्षाच्या १८६० च्या शिकागो अधिवेशनात लिंकनची उमेदवारी जुळवून आणणारे तेच. लिंकननं १८६२ मध्ये त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेमलं. युद्धकाळात लिंकनच्या सरकारनं नागरिकांवर लष्करी आयोगापुढं खटले चालवले होते. १८६६ मध्ये तो प्रश्न त्या न्यायालयापुढं आला, मिलिगन प्रकरणात. मुलकी कोर्टं उघडी असताना नागरिकाला लष्करी आयोगापुढं उभं करता येत नाही, असा निकाल लागला. निकालपत्र डेव्हिस यांनी लिहिलं.